देशभक्तीचा दाखला

१३ मे १९८९ रोजी बीजिंगच्या तिआनानमेन चौकात विद्यार्थी उपोषणाला बसले तेव्हा त्यांच्या मागण्या दोनच होत्या. सरकारने आपल्याशी बरोबरीच्या नात्याने चर्चा करावी, ही एक. दुसरी मागणी आज वाचताना मन अडखळते: आमचे आंदोलन देशभक्तीचे आणि लोकशाहीचे आहे असे मान्य करा, त्याला अराजक म्हणू नका. २६ एप्रिलला कम्युनिस्ट पक्षाच्या ‘पीपल्स डेली’ या मुखपत्राने अग्रलेख लिहून आंदोलनावर अराजकाचा शिक्का मारला होता. तो पुसला जावा म्हणून विशीतली मुले अन्न सोडून बसली होती. पक्षाने सत्ता सोडावी किंवा निवडणुका घ्याव्यात, असे त्या दोन मागण्यांत कुठेही नव्हते.

ज्या सरकारच्या विरोधात आपण उभे आहोत, त्याच सरकारकडे देशभक्तीचा दाखला का मागावा? अशी भाषा वापरली तर अटक टळेल, हा व्यवहारी हिशेब त्यात होताच. पण सगळा उलगडा तेवढ्याने होत नाही. ती मुले मनापासून देशभक्त होती आणि देशभक्ती व लोकशाही एकाच घरच्या आहेत असे मानणाऱ्या एका जुन्या परंपरेत वाढली होती. ४ जूनला तिआनानमेनमध्ये ही परंपरा रणगाड्यांखाली गेली. त्यानंतरच्या साडेतीन दशकांत जगभर एक समज रुजला की चिनी माणूस राष्ट्रवादी आहे, म्हणून त्याला लोकशाही नको आहे. हा समज इतिहासाला धरून नाही असे मला वाटते. राष्ट्रवाद आपल्या स्वभावाने लोकशाहीच्या आड आला नाही. खरा देशभक्त कोण हे ठरवण्याचा अधिकार एकाच हाती गेला, तिथून वाट बंद झाली. आणि यात लोकशाही तर हरलीच, पण चिनी राष्ट्राचेही फार मोठे नुकसान झाले.

४ मे १९१९ कडे पाहू. पहिल्या महायुद्धात चीनने मित्रराष्ट्रांना सुमारे १,४०,००० मजूर पुरवले होते. खंदक खणले, माल वाहिला, फ्रान्सच्या मातीत माणसे पुरली. व्हर्सायच्या तहात मात्र शांतुंग प्रांतातले जर्मनीचे हक्क जपानला देऊन टाकले गेले. ती बातमी आली आणि सुमारे ३,००० विद्यार्थी याच तिआनानमेनपाशी जमले. जपानधार्जिण्या समजल्या जाणाऱ्या मंत्र्याचे घर जाळले गेले. पुढे व्यापारी आणि कामगार त्यांच्या बाजूने उतरले, तीन अधिकाऱ्यांना जावे लागले आणि चीनने तहावर सही केली नाही. आधुनिक चिनी राष्ट्रवादाचा हा पहिला मोठा लोकउठाव. आणि याच उठावातल्या तरुणांच्या हातात ‘नवयुवक’ हे मासिक होते, ज्याचा संपादक चेन तुश्यू देशाला वाचवायला ‘विज्ञान महाशय’ आणि ‘लोकशाही महाशय’ यांच्याशिवाय दुसरे कोणी समर्थ नाही असे लिहीत होता. दोनच वर्षांनी हाच चेन चिनी कम्युनिस्ट पक्षाचा एक संस्थापक झाला. पक्षाचे मूळ अशा रीतीने लोकशाही मागणाऱ्या देशभक्तांत आहे. ४ मे हा दिवस पक्ष आजही युवकदिन म्हणून पाळतो.

मुळात ‘चिनी राष्ट्र’ ही कल्पनाच नागरिकाच्या कल्पनेबरोबर आली. १८९८ चा सुधारणांचा प्रयत्न फसल्यावर विचारवंत लियांग छीछाव जपानला पळाला आणि तिथे बसून लिहू लागला. त्याचा प्रश्न होता की एवढा प्रचंड देश मूठभर परक्यांपुढे का लोळण घेतो? त्याचे उत्तर असे की या देशात बादशहाची प्रजा आहे, राष्ट्राचे नागरिक नाहीत. ज्याला कारभारात वाटा नाही, त्याला देश आपला का वाटावा? हा युक्तिवाद आजही कोणी खोडून काढलेला नाही. पण १९०३ मध्ये अमेरिकेचा दौरा करून लियांग परतला तो खचून. आपले लोक अजून तयार नाहीत, आधी जाणत्या हुकूमशहाने त्यांना घडवावे, असे तो म्हणू लागला. सुन यत-सेन क्रांतिकारक, लियांगचा विरोधक. तरी १९२४ च्या व्याख्यानांत तोही याच वळणावर आला. चिनी समाज हा सुट्या वाळूचा ढीग आहे, माणसांना स्वातंत्र्य कमी नसून जास्तच आहे, तेव्हा आधी राष्ट्र घट्ट बांधले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. त्याने क्रम लावून दिला: प्रथम लष्करी राजवट, मग पक्षाच्या पालकत्वाखाली लोकांचे शिक्षण, आणि शेवटी घटनात्मक राज्य.

लोक तयार नाहीत, हे वाक्य चीनमध्ये शंभर वर्षे फिरते आहे. ते खरे की खोटे हे एकदा प्रत्यक्ष तपासून पाहण्याची संधी आली होती. १९१२-१३ च्या हिवाळ्यात नव्या प्रजासत्ताकाच्या संसदेसाठी निवडणुका झाल्या. मतदान फक्त पुरुषांना, तेही मालमत्तेच्या किंवा शिक्षणाच्या अटीवर. तरी मतदारयादीत सुमारे ४ कोटी नावे होती. कुओमिन्तांग पक्ष जिंकला. प्रचाराची सूत्रे हलवणारा सुंग च्याओरेन तिशीच्या उंबरठ्यावरचा, संसदेला उत्तरदायी मंत्रिमंडळ हवे म्हणणारा माणूस. तो पंतप्रधान होणार अशी चिन्हे दिसत असताना, मार्च १९१३ मध्ये शांघायच्या रेल्वे स्थानकावर त्याला गोळ्या घातल्या गेल्या. संशयाची सुई अध्यक्ष युआन शिकायच्या माणसांकडे गेली. युआनने पुढे संसद मोडीत काढली आणि १९१५ च्या अखेरीस स्वतःला सम्राट घोषित केले. मतदारांनी आपले काम बऱ्यापैकी केले होते. तयार नव्हता तो बंदूक बाळगणारा माणूस.

विचारवंत ली त्सहौ याने १९८६ मध्ये या साऱ्या इतिहासाचे एक प्रसिद्ध निदान केले: विसाव्या शतकात देश वाचवण्याच्या घाईने प्रबोधनावर मात केली. आधी राजकीय की आधी सामाजिक, हा टिळक-आगरकरांचा वाद ज्यांनी वाचला आहे त्यांना ही मांडणी चटकन कळेल. पण ती मला पुरी पटत नाही. कारण तीत माणसे दिसत नाहीत, फक्त काळाचा रेटा दिसतो. सुंगचा खून काळाच्या रेट्याने केला नाही. कुओमिन्तांगचा नेता चँग कै-शेक याने पालकत्वाचा टप्पा वर्षानुवर्षे लांबवला तोही नाही. कम्युनिस्टांनी १९४० च्या दशकात लोकशाहीच्या नावाने चँगला धारेवर धरले आणि सत्ता मिळताच तोच विषय गुंडाळला, यातही परका शत्रू उरला नव्हता. देश संकटात आहे ही भावना खरी होती. ती वापरून लोकांना गप्प करण्याचा निर्णय मात्र दर वेळी नाव-गाव असलेल्या माणसांनी घेतला.

ती भावना खरी होती, हे इथे ठासून सांगायला हवे. चिनी राष्ट्रवाद म्हणजे निव्वळ सरकारी प्रचार असे मानणारे जपानी आक्रमण विसरतात. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर तिथे गेले, पुढे उत्तर चीनच्या खेड्यांत आघाडीवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथेच वारले. त्यांच्यासमोर येणाऱ्या जखमी शेतकऱ्याने लियांग वाचलेला नव्हता. त्याचे गाव जाळले गेले होते आणि त्या आगीतून त्याला आपण चिनी आहोत हे कळले होते. लाखो माणसे जिथे अशी भाजून निघाली, तिथल्या राष्ट्रभावनेला बनावट म्हणणे हा त्या माणसांचा अपमान आहे. पक्षाने ती भावना निर्माण केली नाही. ती आपल्या नावावर करून घेतली.

हे काम सर्वांत नेटाने झाले ते १९८९ नंतर. त्या जूनमध्ये गोळीबारानंतर डेंग झियाओपिंगने दशकातली सर्वांत मोठी चूक शिक्षणात झाली असे सांगितले होते. समाजवादावरची श्रद्धा ओसरली होती, सोव्हिएत संघ कोसळला होता. पक्ष राज्य कशाच्या आधारावर करणार? १९९४ मध्ये देशभक्ती शिक्षणाचा आराखडा निघाला. माओच्या काळातला इतिहास विजेत्यांचा होता: शेतकरी-कामगार उठले, वर्गशत्रू हरला. आता मध्यभागी आला तो अपमान. अफूची युद्धे, १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंचांनी जाळलेला युआनमिंगयुआन राजवाडा, नानकिंगचे हत्याकांड. यातले काहीही खोटे नाही आणि मुलांनी ते शिकू नये असे कोणी म्हणणार नाही. पण या इतिहासात परक्यांनी मारलेले चिनी तेवढे मोजले जातात. ग्रेट लीप फॉरवर्डच्या दुष्काळात, १९५९ ते १९६१ या काळात, कोट्यवधी चिनी भुकेने मेले, त्यांच्यासाठी या इतिहासात रकाना नाही. ४ जूनच्या रात्री मेलेल्यांसाठीही नाही. आपली मेलेली माणसे मारणारा कोण होता हे पाहून आठवायची किंवा विसरायची असतील, तर त्याला राष्ट्राची स्मृती म्हणता येत नाही. १ जानेवारी २०२४ पासून तर देशभक्तीच्या शिक्षणाचा स्वतंत्र कायदाच लागू झाला आहे.

या शिक्षणात वाढलेली पिढी पक्षाला वाटली तितकी सोपी निघाली नाही. मे १९९९ मध्ये अमेरिकी बॉम्ब बेलग्रेडच्या चिनी वकिलातीवर पडून तीन पत्रकार मेले, तेव्हा विद्यार्थ्यांना बसमधून अमेरिकी वकिलातीपर्यंत नेण्यात आले. दगड पडू लागल्यावर मात्र त्यांना आवरायचे कसे, याची चिंता सुरू झाली. सप्टेंबर २०१२ मध्ये जपानविरोधी निदर्शनांत शीआन शहरात जपानी मोटार चालवणाऱ्या एका चिनी माणसाचेच डोके फोडले गेले आणि त्याला पक्षाघात झाला. जून २०२४ मध्ये सुचौला जपानी शाळेच्या बसथांब्यावर चाकूहल्ला झाला आणि मुलांना वाचवताना बसमधली चिनी महिला मदतनीस मारली गेली. त्यानंतर टेन्सेंट, वेइबो यांसारख्या कंपन्यांना जहाल राष्ट्रवादी मजकूर काढून टाकत असल्याचे जाहीर करावे लागले. वुहानच्या टाळेबंदीची दैनंदिनी लिहिणाऱ्या फांग फांग या लेखिकेला देशद्रोही ठरवले गेले. नोबेल मिळवणाऱ्या मो यानवर हुतात्म्यांचा अवमान केल्याचा दावा लावण्याचा प्रयत्न एका राष्ट्रवादी ब्लॉगरने २०२४ मध्ये केला. सरकारवर रागावता येत नाही, महापौराला निवडणुकीत पाडता येत नाही, तेव्हा राग व्यक्त करायला परवानगी असलेली एकच जागा उरते, ती म्हणजे देशाचा शत्रू. मग शत्रू शोधत राहावे लागते. तो शेजारच्या इमारतीतही सापडतो.

आता हाँगकाँग. या विषयातली सगळी शोकांतिका तिथे एका संस्थेच्या नावात सामावलेली आहे. मे १९८९ मध्ये तिआनानमेनच्या विद्यार्थ्यांसाठी हाँगकाँगच्या रस्त्यांवर अफाट गर्दी उतरली आणि तिच्यातून ‘चीनमधील देशभक्त लोकशाही आंदोलनांची हाँगकाँग पाठिंबा आघाडी’ उभी राहिली. त्या नावातच ‘देशभक्त’ आहे. आघाडीचे नेते सेतो वा हे शिक्षक संघटनेचे पुढारी, चीनचा भाग असण्याचा अभिमान बाळगणारे, ब्रिटिश गेल्यानंतरच्या हाँगकाँगचा मूलभूत कायदा तयार करणाऱ्या समितीतले सदस्य. १९९० पासून २०१९ पर्यंत दर ४ जूनला व्हिक्टोरिया पार्कमध्ये हजारो माणसे मेणबत्त्या घेऊन जमत. चीनच्या भूमीवर एवढ्या मोठ्या प्रमाणावर ती स्मृती जपणारी ही एकच जागा होती. तिथे येणाऱ्यांची भूमिका साधी होती: आम्ही चिनी आहोत, म्हणूनच बीजिंगमध्ये मारल्या गेलेल्यांचे दुःख आमचे आहे, आणि म्हणूनच चीनमध्ये लोकशाही यावी ही जबाबदारीही आमची आहे. याहून सकस राष्ट्रवाद कुठल्या देशाला मिळतो?

बीजिंगने त्याचे काय केले? २०१२ मध्ये शाळांत ‘राष्ट्रीय शिक्षण’ लादण्याचा प्रयत्न झाला, पालक आणि शाळकरी मुले रस्त्यावर आली, तो मागे घ्यावा लागला. २०१४ मध्ये मुख्य प्रशासक खुल्या निवडणुकीने निवडण्याची मागणी फेटाळली गेली. या काळात वाढलेल्या मुलांना दर वेळी एकच गोष्ट ऐकवली गेली: मत मागता म्हणजे तुम्ही चीनचे नाही. शेवटी मुलांनी ते मान्य करून टाकले. २०१५-१६ च्या सुमाराला विद्यार्थी संघटनांनी ४ जूनच्या सभेतून अंग काढून घेतले. आम्ही हाँगकाँगचे, लोकशाही चीन घडवणे हे आमचे काम नव्हे, असे ते म्हणू लागले. जुन्या पिढीला हे ऐकताना किती यातना झाल्या असतील! मला ती मुले चुकली असे म्हणवत नाही. चिनी असण्याचा दाखला हवा तर नागरिक असणे सोडा, अशी अट घातल्यावर विशीतला माणूस दाखला परत करणारच.

पुढचे सर्वांना माहीत आहे. २०१९ चे आंदोलन, त्याच नोव्हेंबरात ७१ टक्के मतदान झालेल्या जिल्हा परिषदांच्या निवडणुकीत लोकशाहीवाद्यांचा दणदणीत विजय, जून २०२० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा. २०२१ मध्ये ‘देशभक्तांच्या हाती हाँगकाँग’ या घोषणेखाली निवडणुकीचे नियम बदलले. विधिमंडळाच्या ९० जागांपैकी फक्त २० थेट लोकांनी निवडायच्या, आणि उमेदवार देशभक्त आहे की नाही हे समिती तपासणार. डेंगने १९८४ मध्ये याच विषयावर सांगितले होते ते आठवावे. आपल्या राष्ट्राचा आदर करणारा, हाँगकाँग चीनला परत मिळण्याच्या बाजूचा आणि तिथल्या भरभराटीला धक्का न लावणारा माणूस म्हणजे देशभक्त. त्याचा भांडवलशाहीवर विश्वास असो, सरंजामशाहीवर असो, अगदी गुलामगिरीवर असो, हरकत नाही. एवढ्या सैल व्याख्येत बसणारे सेतो वा यांचे वारस पुढच्या सदतीस वर्षांत त्या व्याख्येबाहेर फेकले गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये पाठिंबा आघाडी विसर्जित झाली, तिचे नेते तुरुंगात होते. नावात ‘देशभक्त’ मिरवणारी संघटना राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्याखाली संपली.

तैवानचे उदाहरण उलट दिशेने तेच सांगते. चिनी संस्कृतीला लोकशाही मानवत नाही म्हणणाऱ्यांना तैवानने उत्तर दिलेच आहे. १९४९ पासून १९८७ पर्यंत ३८ वर्षे लष्करी कायदा सोसून, १९९६ मध्ये चीनची क्षेपणास्त्रे समुद्रात पडत असताना तिथल्या लोकांनी आपला राष्ट्राध्यक्ष थेट निवडला. पण ओळखीचे काय झाले ते पाहावे. तैपेइच्या राष्ट्रीय चेंगची विद्यापीठाच्या पाहण्यांनुसार १९९२ मध्ये स्वतःला फक्त चिनी म्हणवणारे सुमारे २५ टक्के होते, निम्म्याच्या आसपास लोक चिनी आणि तैवानी दोन्ही. आज फक्त तैवानी म्हणवणारे ६० टक्क्यांहून जास्त आहेत आणि फक्त चिनी म्हणवणारे ३ टक्क्यांच्या आत. याला लोकशाहीमुळे देश फुटतो असा पुरावा मानणारे बीजिंगमध्ये पुष्कळ आहेत. त्यांनी हाँगकाँगकडे पाहावे. तिथे लोकशाही दिली नाही, तरीही ओळख तुटली. दोन्हीकडे लोकांना चीनचे म्हणून हाक मारली गेली ती आज्ञा म्हणून. विचारणा म्हणून कधीच नाही.

इथे चिनी लोकशाहीवाद्यांनाही एक प्रश्न विचारायला हवा. तिबेटी आणि उइगुर लोकांच्या बाबतीत त्यांच्यातले बरेच जण सरकारच्याच भाषेत बोलतात. विरोधात असूनही हान अहंकार सुटत नाही, आणि हे त्यांचे सर्वांत मोठे अपयश आहे. अपवाद आहेत आणि ते मौल्यवान आहेत. मार्च २००८ मध्ये तिबेट पेटले असताना लेखक वांग लिश्योंग यांनी पुढाकार घेऊन सरकारला बारा सूचना केल्या, त्यावर लोकशाहीवादी लेखक लिऊ श्याओपो यांची सही होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरातल्या ‘सनद ०८’ या लोकशाहीच्या मागणीपत्रात चीन संघराज्य व्हावे असे स्पष्ट म्हटले होते. या सनदेपायी लिऊंना अकरा वर्षांची शिक्षा झाली आणि २०१७ मध्ये कैदेत असतानाच ते वारले. इल्हाम तोहती हे बीजिंगच्या विद्यापीठातले उइगुर अर्थशास्त्रज्ञ. हान आणि उइगुर एकमेकांशी बोलू लागावेत म्हणून त्यांनी चिनी भाषेत संकेतस्थळ चालवले. स्वतंत्र देश त्यांनी कधी मागितला नाही. चीनचाच १९८४ चा प्रादेशिक स्वायत्ततेचा कायदा पाळा एवढेच मागितले. २०१४ मध्ये फुटीरतेच्या आरोपाखाली त्यांना जन्मठेप दिली गेली. चीनमध्ये राहण्याची वाट शोधणारा उइगुरच तुरुंगात टाकला, तर बाहेर पडण्याची वाट शोधणाऱ्याला समजावायला कोण उरले?

नोव्हेंबर २०२२ मध्ये कोविडच्या टाळेबंदीत असलेल्या उरुमची शहरात एका इमारतीला आग लागून दहा जण मेले, तेव्हा शांघाय, बीजिंग आणि इतर शहरांत हान तरुण कोरे कागद हातात धरून उभे राहिले. मेलेले बहुतांशी उइगुर होते. बीजिंगमधल्या जमावाला कोणीतरी परकीय शक्तींपासून सावध राहायला सांगितले, तेव्हा त्याला प्रतिप्रश्न आला: कोणत्या परकीय शक्ती, मार्क्स आणि एंगेल्स? जमावाने राष्ट्रगीतही म्हटले. १९८९ च्या मुलांप्रमाणे त्यांनी दाखला मागितला नाही. आपण या देशाचे आहोत हे गृहीत धरूनच ते बोलत होते.

भारतात या चर्चेला एक ठरलेला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. चीन लोकशाही झाला तरी आपल्या सीमेचे काय? तिथला मतदार अधिक जहाल निघाला तर? मॅकमहोन रेषा कम्युनिस्टांच्या आधीच्या कुओमिन्तांग सरकारनेही मानली नव्हती. लोकशाही चीन अरुणाचलवरचा दावा सोडून देईल असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही, मीही देत नाही. पण १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये काय झाले आणि नंतर काय झाले, यातला फरक पाहावा. आपले २० जवान गेल्याचे भारताने दुसऱ्याच दिवशी सांगितले. संसदेत, वाहिन्यांवर आणि गावोगावच्या अंत्ययात्रांत सरकारला बोचणारे प्रश्नही विचारले गेले. चीनने आपले चार सैनिक गेल्याचे फेब्रुवारी २०२१ मध्ये, आठ महिन्यांनी जाहीर केले. त्या आकड्याबद्दल वेइबोवर शंका घेणाऱ्या एका ब्लॉगरला हुतात्म्यांची बदनामी केली म्हणून आठ महिन्यांचा तुरुंगवास झाला. त्या दरीत सैनिकांना कोणी पाठवले, कशासाठी पाठवले, किती परतले नाहीत, हे विचारणारा एखादा बाप, एखादे वर्तमानपत्र, एखादा विरोधी बाकावरचा प्रतिनिधी लोकशाही चीनमध्ये उभा राहू शकेल. पुढची चकमक सुरू करण्याआधी तिथल्या सेनापतीला त्याचा विचार करावा लागेल. सीमेच्या अलीकडे राहणाऱ्या आपल्याला चिनी लोकांच्या स्वातंत्र्यात एवढा स्वार्थ नक्कीच आहे, आणि तो आपण उघडपणे मांडायला हवा.